तुझ्या जेवणाचं तेल

शिवा, लहानपणापासून मी तुला 'मुडद्या' म्हणत आले. मुडद्या, ऊठ की. मुडद्या, भाकर गार होऊन राहिली. आपल्याकडं बायकांच्या तोंडात तो शब्द मायेचाच असतो. अव्वाही पोटच्या लेकाला तेच म्हणायची. त्या दिवशी एसटीतून उतरून मुखेडच्या घरात पाऊल टाकलं, तर तुला ओसरीत भिंतीला टेकवून बसवलेलं. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मांडी घातलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुडद्या, असा काय बसलास?" महानंदानं माझा हात घट्ट धरला. मी काय बोलले ते मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिथंच उंबऱ्यावर बसले. आता हा शब्द मी कुणाला वापरू? आणि तुला हाक मारायला दुसरा शब्द मला येत नाही.

तुला मातीत बसवून आलो. काल तुझ्या आराधनेचं गावजेवणही झालं. आधी जंगमस्वामी जेवले, मग गल्ली जेवली, मग बाजारपेठेतली माणसं, आणि सगळ्यात शेवटी रोजगार हमीच्या कामावरून थेट आलेल्या बाया, हातापायाला खडीची धूळ तशीच. सगळ्यांना पुरलं. महानंदा, तुझी बायको, धीराची निघाली रे. पोरींनी कंबर कसून वाढलं. आज सकाळच्या गाडीनं मी लातूरला परतले आणि शाळेत न जाता हे लिहायला बसले. तेलाचं तुला सांगायचं राहिलंय, आणि मुखेडात ते कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

तू शेवटी एकच मागितलं होतंस. वावराचं काही बोलला नाहीस, पोरींच्या लग्नाचं नाही, गिरणीचं तर नावसुद्धा काढलं नाहीस. मला जवळ बोलावून म्हणालास, "अक्का, माझ्या जेवणाला कंट्रोलचं तेल नको." मी हाव म्हणाले. त्या हावचं काय झालं तेच सांगायला बसले आहे. पण तुझ्याशी बोलणं एका दमात कधी झालंय का? आधी भांडण, मग चहा, मग मुद्दा. आजही तसंच होणार, ऐकून घे.

आप्पांचा बैलाचा घाणा काढून तू त्या जागी एक्स्पेलरचं यंत्र बसवलंस. पहिल्याच हंगामात सगळ्या शिवाराची करडई तुझ्या दारात आली. लोक पोती घेऊन यायचे, समोर बसून तेल काढून घ्यायचे, डबा डोक्यावर आणि पेंडीचं पोतं गाडीत टाकून घरी जायचे. गिरणीत पाच मिनिटं उभं राहिलं तरी तो कढत वास लुगड्यात बसायचा, आणि परतीच्या एसटीत शेजारची बाई माझ्याकडं वळून बघायची. मला त्याची लाज नाही वाटली कधी. माझ्या भावाची गिरणी हाय, असं मी आपण होऊन सांगायची.

मग कंट्रोलच्या दुकानात रेशनकार्डावर पामतेल आलं. परदेशातनं जहाजानं मुंबईला, तिथनं टँकरनं इकडं, आणि मुखेडात आलं कुणाच्या दुकानात, तर खाजाभाईच्या! तुझा लंगोटीयार. एका बाकावर बसून मार खाल्लात, एका विहिरीत पोहायला शिकलात, आणि आता रस्त्याच्या ह्या बाजूला तुझी गिरणी, त्या बाजूला त्याच्या दुकानापुढं कार्डं घेतलेल्या बायांची ही रांग. खाजाभाई मुद्दाम ओरडायचा, "शिवाभाऊ, डबा घेऊन ये, तुझ्या कार्डावरचं तेल पडून हाय!" तू आतून ओरडायचास, "तुझ्या सायकलच्या चेनीला घाल!" संध्याकाळी मात्र दोघं त्याच दुकानाच्या पायरीवर एका बशीतला चहा प्यायचात.

मी लातूरला ते तेल घेत होते, आणि उघड घेत होते. तुझ्यापासून कधी लपवलं नाही, हे तुलाही माहीत आहे. तू एकदा करडईचा डबा घेऊन आलास आणि माझ्या चुलीपाशी ती पिवळी बरणी बघून तुझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे काय हाय?"

"तेल हाय. दिसत न्हाई का?"

"ह्याला तेल म्हणतेस? कुठल्या झाडाचं, कुणी काढलं, कधी काढलं, काही ठाव हाय का तुला?"

"मला एवढं ठाव हाय की तुझा डबा महिनाभर पुरत न्हाई, आणि दुकानात घ्यायला गेलं की डोळे पांढरे होतात."

"आणि पेंड? तेल जहाजातनं येईल, पेंड कुठनं येईल? ढोरांनी काय खायचं?"

"ढोरांचं तू बघ. माझ्या वर्गातली लेकरं कोरडी भाकर बांधून आणतात, त्यांचं मी बघते."

तू माझ्याकडं हात उगारून बोलायला लागलास आणि मला ते घड्याळ दिसलं. हैदराबादहून कुणाकडून तरी आणवलेलं, जपानी, जिवापाड जपलेलं. मी म्हणाले, "आणि हे रे? हे कोणत्या वावरात पिकलं?" तू पटकन बाही खाली ओढलीस. आमचे हे कोपऱ्यात पेपर वाचत होते, ते पेपरामागं हसत राहिले. तू जेवायला बसलास तेव्हाही बाही खालीच होती आणि आमटीत बुडाली.

पण मला वाटतं हे भांडण तेलाच्या आधीचं. बहात्तरच्या दुष्काळातलं. तुझं लग्न नुकतंच झालेलं, मी सुट्टीत माहेरी आले होते. कंट्रोलवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती. अव्वा थापायला जायची आणि भाकर हातातच मोडायची. तिनं तव्यावरचे तुकडे गोळा करून आपल्या दोघांना एका ताटात वाढले. तू ताट सरकवलंस. "तिकडं हे ढोरांना घालतात. ही भीक हाय, अक्का." रांगेत कुणीतरी तसं बोललं होतं आणि ते तुझ्या डोक्यात जाऊन बसलं होतं. मी म्हणाले, "भीक न्हाई, भाकर हाय. गुमान खा." तू खाल्लंस, पण मान वर केली नाहीस. मला त्या दिवसाचं आठवतं ते वेगळंच. कितीतरी दिवसांनी अव्वा आपल्यासमोर बसून जेवली, पोटभर जेवली, आणि भिंतीला टेकून झोपली.

एका ताटातले दोघं आपण. तुला वाटलं, पुन्हा कधी जहाजाच्या भरवशावर राहायची पाळी येऊ नये. मला वाटलं, बरं झालं बाई जहाज आलं. पुढं आपण जेवढं भांडलो ते सगळं त्या ताटावरूनच भांडलो, आणि दोघांनीही ते एकमेकांना कधी सांगितलं नाही. मी आता सांगतेय. काय उपयोग!

मग तू ती सभा घेतलीस. आठवडी बाजाराच्या दिवशी, मिरच्यांच्या ढिगांपलीकडं, रिकाम्या बैलगाडीवर उभा राहून. मी मुद्दाम आले होते, तू बोलताना अडखळलास तर हसायला. तू अडखळलाच नाहीस. "आपण पिकवायचं सोडलं आणि उद्या जहाज आलंच न्हाई, तर काय करताल? तेव्हा करडईचं बी तरी शिल्लक राहील का? बाहेरचं तेल येऊ देऊ नका!" काय टाळ्या पडल्या रे! माझ्यासुद्धा हाताला खाज सुटली. आणि तेवढ्यात चौकातून कुणीतरी ओरडलं, "कंट्रोलचं तेल आलं!" गर्दी हलली. आधी मागची, मग मधली. टाळ्या वाजवणारे मघाचेच लोक पिशव्यांत डबे शोधायला लागले. मल्लप्पाकाका, ज्यांची सगळ्यात जास्त करडई तुझ्या गिरणीत यायची, तेही धोतर सावरून निघाले.

"काका, तुम्ही पण?" तू गाडीवरून विचारलंस.

"बाबा, तुझं बोलणं लाखाचं हाय," ते चालता चालता म्हणाले. "पण सून वाट बघून राहिली. आज न्हाई गेलं तर संपतंय."

तू त्या गाडीवर किती वेळ उभा होतास कोण जाणे. शेवटी गाडीवाला म्हणाला, उतरा, मला बैल जुंपायचेत.

घरी आल्यावर तू मला विचारलंस, "अक्का, लोक खोट्या टाळ्या वाजवतात का?" मी न्हाई म्हणाले. टाळी वाजवताना माणूस करडईवाला असतो, रांगेत उभा राहिला की खाणारा होतो, माणूस तोच. तू चिडून म्हणालास, "मग त्यातला खरा कोणता?" मी म्हणाले, दोन्ही. आणि तुला आणखी एक दाखवलं. ज्यांना वावरच नाही, ज्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात, त्या बाया तुझ्या सभेत एका बाजूला बसल्या होत्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्याच नव्हत्या. त्यांच्याजवळ विकायला काही नाही, फक्त घ्यायचंच आहे. कापूसवाले कडेला विड्या ओढत उभे होते. त्यांच्या कापसाला कुणी हात लावत नव्हतं, त्यांना काय पडलंय? "तू सगळ्यांना 'आपण' म्हणून बोललास, पण आपण म्हणजे कोण ते सांगितलं न्हाईस," असं मी म्हणाले. तू चहा तसाच ठेवून गिरणीत निघून गेलास. मला तेव्हा आपण फार शहाणं बोललो असं वाटलं होतं.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादपासून सुटलो म्हणून गोलाईच्या पेठेत फटाके, पेढे, ओळखीपाळखी नसलेली माणसं एकमेकांना गुलाल लावून राहिलेली. मीही नाचायचीच बाकी होते. आपलं कचेरीचं काम आता आपल्या गावात, आपला कलेक्टर, आपला कोटा! वर्गात फळ्यावर मी नवा नकाशा काढला आणि हद्दीची रेघ लाल खडूनं मारली. मुखेड त्या रेघेच्या पलीकडं नांदेड जिल्ह्यात राहिलं. ते आधीही पलीकडंच होतं, नवीन काही नव्हतं. माझ्या मनातही आलं नाही.

थोड्याच दिवसांत तू आलास. रिक्षातून तुझ्या तेलाचे भरलेले डबे उतरवलेस, अंगणात ओळीनं ठेवलेस आणि पाणीही न मागता बसलास. मी म्हणाले, "अरे, आज दुकानात दिले न्हाईस?" कितीतरी वर्षं तू गोलाईतल्या त्याच दुकानात माल देत होतास.

"घेत न्हाईत. व्यापाऱ्यांनी ठरवलंय म्हणे. आधी आपल्या जिल्ह्यातल्या गिरण्यांचा माल, मग जागा राहिली तर बाहेरचा." मग माझ्याकडं बघून म्हणालास, "अक्का, मी बाहेरचा झालो."

मला आधी हसूच आलं. "वेडा का काय! मुखेड काय परदेश हाय?"

तू हसला नाहीस. "मी त्या तेलाला हेच म्हणत होतो ना? बाहेरचं. शब्दसुद्धा तोच वापरला त्यांनी."

"चुकलंय त्यांचं," मी म्हणाले.

"चुकलं कसं? त्यांच्या गिरण्या त्यांना जगवायच्यात. मी तिथं असतो तर हेच केलं असतं." आणि मग तू जे बोललास त्याचं उत्तर मला आजही येत नाही. "भिंत पायजे, हे मला पक्कं ठाव हाय. पण घालायची कुठं? देशाला घातली तर मी आत, जिल्ह्याला घातली तर मी बाहेर. उद्या तालुक्याला घालतील, मग गल्लीला. हे ठरवायचं कुणी, अक्का?"

मी मास्तरीण, दिवसभर चाळीस पोरांना उत्तरं सांगणारी. उठून तुझ्यासाठी ताट घेतलं. एरवी तुला टोचायला माझी जीभ किती चुरूचुरू चालते! तू तर उलट माझंच म्हणणं बोलत होतास, मला आनंद व्हायला हवा होता. पण तुझं ते तोंड बघून मला तुझी जुनी, आडमुठी, टेबलावर मूठ आपटणारी बडबड हवीशी झाली. मी म्हणाले, जेव. तू जेवलास. डबे परत एसटीच्या टपावर चढवलेस आणि गेलास. त्यानंतर तू कुठं सभा घेतली नाहीस, आणि माझ्या बरणीला नावंही ठेवली नाहीस.

मग पावसानं पाठ फिरवली. एक वर्ष गेलं, पुढचंही तसंच. जमिनीत ओलच नाही तर करडई पेरणार कशात? एक्स्पेलरचा पट्टा काढून तू खुंटीला टांगलास. पेंड मिळेना म्हणून लोकांनी ढोरं बाजारात नेली, मिळेल त्या भावात सोडली, आणि येताना दावी हातात घेऊन आले. तू मला म्हणालास, "बघ, मी पेंडीचं बोलत होतो." खरं होतं. पण त्याच वर्षी खाजाभाईच्या दुकानातलं तेल नसतं तर गावात एका घरी फोडणी पडली नसती. तेही खरं होतं. आपलं दोघांचंही खरं ठरलं, आणि कुणालाच कुणाला 'बघ' म्हणायची इच्छा राहिली नाही.

तुझ्या पोटात पाणी व्हायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. मी मिळेल त्या शनिवारी येत होते. एकदा चुलीपाशी महानंदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, कंट्रोलच्याच तेलात करून राहिले. दुसरं न्हाईच. ह्यांना सांगू नका." मी ताट घेऊन तुझ्याकडं आले. डब्याचं झाकण उघडायच्या आत कुठल्या शिवारातली करडई ते सांगणारा तू. दोन घास खाल्लेस, म्हणालास, "चांगलं झालंय." महानंदा दारात उभी होती, तिच्याकडं बघितलं नाहीस. तुला कळलं होतं, होय ना? मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. तिला बरं वाटावं म्हणून तू रोज ते खात होतास, आणि तुला बरं वाटावं म्हणून ती रोज लपवत होती, आणि मी दोघांच्या मधे ताट धरून उभी.

आणि मग त्याच तोंडानं तू मला ते मागितलंस. माझ्या जेवणाला कंट्रोलचं तेल नको. शिवा, मला राग आला होता रे. म्हटलं, सगळं सोडून हे मागतोस? लेकरांचं काही बोल. पण तुझा हात इतका हलका झाला होता की मी हाव म्हणून टाकलं. तुझं सगळं गेलं होतं, गिरणी, बाजार, ढोरं. शेवटच्या पंगतीत तरी आपलं म्हणणं ताटात राहावं, एवढीच तुझी इच्छा असावी. एवढं मी करीन, असं मला वाटलं. एका डब्याचाच तर प्रश्न होता.

तुला मातीत बसवल्यावर मी लातूरला आले आणि गोलाईत फिरले. बऱ्याच दुकानांनी हात वर केले. एका दुकानात मिळाला. पत्र्याचा डबा, वरती करडईच्या फुलाचं चित्र, भाव असा की आमचे हे ऐकून खालीच बसले. मी दुकानदाराला दोनदा विचारलं, शुद्ध हाय ना? तो म्हणाला, "बाई, आपल्या जिल्ह्याचा माल हाय. बाहेरचं आपण ठेवतच न्हाई." मला तुझी आठवण आली आणि थोडं वाईट वाटलं, पण डबा घेतला. एसटीत पायाशी धरून मुखेडला आणला. महानंदानं त्याला देवघराशेजारी ठेवला आणि गल्लीतल्या बायांना सांगितलं, अक्कांनी ह्यांच्यासाठी करडईचं तेल आणलं. गावभर झालं.

काल सकाळी केवढी थंडी होती! मागच्या अंगणात चुली मांडल्या, कणीक मळून झाली, भज्यांचं पीठ भिजलं. मी डबा फोडला आणि कढईत ओतायला वाकडा केला, तर तेल येईना. थोडं पातळ आलं आणि मग थांबलं. आत डोकावले. पांढरं फट्ट, थिजलेलं. मी बोट घातलं, बोट रुतलं.

तू सांगायची गरज नव्हती. करडईचं तेल कितीही थंडी पडो, थिजत नाही. थिजतं ते एकच.

तेवढ्यात मागच्या दारानं खाजाभाई आला. हातात त्याच्या दुकानातला डबा, दारातच अवघडून उभा. "अक्का, तुम्ही आणलंय ते ठाव हाय. पण गावजेवण हाय, कमी पडलं तर असावं म्हणून... आत आणू का नको?" आणि मग त्याची नजर माझ्या डब्यात गेली. तो जवळ आला, वाकला, वास घेतला. आपला डबा त्यानं शेजारी ठेवून उघडला. दोन्हीत सारखंच पांढरं.

"क्या बोलू अक्का," तो हळू म्हणाला, "ये तो मेरेच दुकान का माल है." आणि तिथंच चुलीपुढं बसून तो ढसाढसा रडायला लागला. तुला पुरताना रडला नव्हता.

मी म्हणाले, तळण नको. नुसती खीर आणि भात करू, भाजी उकडून करू, कुणी काही म्हणणार न्हाई. महानंदा भज्यांच्या पिठाजवळून उठली. ती म्हणाली, "तेलवाल्याच्या घरी तळण न्हाई? लोक काय म्हणतील ह्यांना?" खाजाभाई डोळे पुसून म्हणाला, मी सायकल काढतो, घरोघरी विचारतो. मग आपणच म्हणाला, कुणाकडं वाटीभर निघणार न्हाई, कुणाकडं काय हाय ते मलाच ठाव हाय, मीच तर देतो. समोर जंगमस्वामी येऊन बसले होते. लेकरं भुकेली झाली होती. मी त्या डब्याकडं बघत उभी राहिले. तुला वाटायचं अक्काजवळ सगळ्याचा तोडगा असतो. माझ्याजवळ काही नव्हतं.

महानंदानं पळी घेतली, ते पांढरं खरवडून कढईत घातलं आणि म्हणाली, "पेटवा."

ते वितळलं, तापलं, पिवळं झालं, इतर तेलांसारखंच. मी पुऱ्या लाटल्या. हात चालत होते आणि डोळ्यांतलं पाणी पोळपाटावर पडत होतं. तुझा राग येत होता, त्या दुकानदाराचा येत होता, त्या थंडीचा येत होता. थंडी नसती तर मला कळलंच नसतं, मी तुझं मागणं पुरं केलं म्हणून समाधानानं घरी आले असते. तेवढंही मिळालं नाही.

पंगत बसली. मी पुऱ्यांची परात घेऊन ओळीतून जात होते. मल्लप्पाकाकांच्या पानापाशी आले. त्यांनी पुरी मोडली, तुकडा नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"वासच सांगतोय," ते सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाले. "आपल्या शिवाचं तेल. कंट्रोलच्या तेलाला ही चव यायची न्हाई."

शेजारच्यानं मान डोलावली. त्याच्या शेजारचा म्हणाला, बाहेरचं ते बाहेरचंच. पलीकडून आणखी कुणी म्हणालं, खरं बोलत होता बिचारा, आपणच ऐकलं न्हाई. ओळभर तेच सुरू झालं. ओळीच्या टोकाला खाजाभाई बसला होता. त्याचा घास हातातच राहिला आणि त्यानं मान खाली घातली. मल्लप्पाकाकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते भराभर खात होते. त्या गाडीवरच्या दिवसापासून तू ज्यांच्या होकाराची वाट बघत होतास, ती माणसं आज एका तोंडानं तुझं म्हणणं बोलत होती, आणि त्यांच्या तोंडात काय होतं ते आम्हा तिघांनाच माहीत होतं.

मी सांगायला तोंड उघडलं. काकांनी वर बघितलं आणि पान पुढं केलं.

"वाढ की, अक्का. पुन्हा असं तेल कुठं मिळायचंय?"

मी आणखी दोन पुऱ्या त्यांच्या पानावर ठेवल्या आणि पुढच्या माणसाकडं वळले.